सात हिरवे रविवार

टेबलावर झावळ्या एकूण त्रेसष्ट होत्या. त्यांतल्या अठ्ठावन्न शिंदीच्या, चार नारळाच्या आणि एक प्लास्टिकची, जी कुणीतरी चुकून किंवा आळसाने पिशवीत टाकली होती. अठ्ठावन्नांपैकी एकोणीस क्रुसाच्या आकारात विणलेल्या, बाकीच्या सरळ. सात झावळ्या उंदरांनी कुरतडलेल्या. एकीच्या देठाला निळ्या सुती धाग्याची दुहेरी गाठ. हर्षदाने प्लास्टिकची बाजूला काढली आणि उरलेल्या बासष्ट लॅबच्या तराजूवर जोखल्या. चारशे अकरा ग्रॅम. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे सत्तावीस मार्चला, हातात धरून गुजरातेतल्या उधन्याच्या रस्त्यावरून मिरवलेल्या या झावळ्या. वर्षभर घराघरांत तसबिरींच्या मागे खोचलेल्या होत्या. आता उपवासकाळ जवळ आला म्हणून चर्चमध्ये परत आल्या होत्या. त्या जाळायच्या, आणि त्यांची राख बुधवारी लोकांच्या कपाळाला लावायची. निळ्या धाग्याची गाठ तिने दोनदा बोटांनी चाचपली. अशी दुहेरी गाठ तिचे वडील काशिनाथ मारत. रंगवायला टाकलेल्या प्रत्येक लॉटच्या कोपऱ्याला तीच गाठ असे. मेलेल्या माणसाची गाठ सोडायची की जाळायची, याचा नियम तिने शिकलेल्या कोणत्याच पुस्तकात नव्हता. तिने ती झावळी ढिगात परत ठेवली.

राख करायचं काम तिच्याकडे आलं त्याला कारण साधं होतं. फादर म्हणाले होते, तू बी.एस्सी. केमिस्ट्री, रंगाच्या मिलच्या लॅबमध्ये कामाला, तुझ्याइतकी नीट राख कोण करणार? ती हो म्हणाली होती. नंतर रविवारी प्रवचन संपल्यावर फादरांनी जाहीर केलं, "यंदा गर्दी जास्त आहे. राखेच्या बुधवारी दोन रांगा करू. बायकांची माझ्याकडे, पुरुषांची भाईदासकडे." आणि वेदीच्या बाजूला हात जोडून उभा असलेला भाईदास, पांढऱ्या इस्तरीच्या शर्टातला, मान खाली घालून नम्रपणे हसला. बस, एवढंच झालं. बाहेर रिक्षा वाजत होत्या, पंखा फिरत होता, शेजारच्या बाईने पोराच्या तोंडातून प्रार्थनेचं पुस्तक ओढून काढलं. पण ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत राहावं, फ्लास्कमधलं पाणी पाण्यासारखंच दिसत राहावं आणि एका थेंबाने ते अख्खं गुलाबी व्हावं, तसं हर्षदाच्या आत काहीतरी झालं. इतके दिवस साठत होतं ते काय होतं, हे तिला रंग बदलल्यावर कळलं.

राख हा शब्द तिच्या घरात आधीपासूनच दोन अर्थांचा होता. काशिनाथ ज्या मिलमध्ये रंगखात्याचे मास्तर होते तिथे धुण्याच्या सोड्याला, सोडा ॲशला, सगळे कामगार राखच म्हणत. कुण्या इंग्रजी शिकलेल्याने कधीतरी पोत्यावरचं नाव वाचून अर्थ सांगितला असेल, तो चिकटला. "दोन टोपली राख टाक रे" म्हटलं की कोणी चूल शोधायला जात नसे. राखेचा डबा पत्र्याचा, कमरेएवढा, आणि त्यातली पांढरी पूड ओल्या हातांनीच उपसायची, कारण राखेने फार तर कातडी कोरडी पडते. कॉस्टिक सोडा वेगळा, तो कातडी खातो. कॉस्टिकच्या पोत्याला हात लावायचा तर रबरी मोजे, आणि ते पोतं गोडाऊनच्या दुसऱ्या टोकाला. गोडाऊन भाईदासच्या ताब्यात. एकाच चर्चमधली माणसं, एकाच शिफ्टला. नाताळात करंज्यांची ताटं इकडून तिकडे जात. त्र्याण्णवच्या ऑगस्टात एका दुपारी काशिनाथांनी हाताखालच्या दगा नावाच्या कामगाराला सांगितलं, राख आण. दगाने कोपरापर्यंत ओले हात डब्यात घातले. त्या डब्यात राखेवर कॉस्टिकचा चुरा होता. चौकशीत भाईदास म्हणाला, "डबा मास्तरच्या खात्यातला. पांढऱ्यात पांढरं, मला काय समजणार साहेब? पाहून टाकायचं काम मास्तरचं." साहेबांना एक नाव हवं होतं, ते मिळालं. काशिनाथ घरी बसले. डिंडोलीच्या त्या दोन खोल्यांत पुढचे पंधरा महिने त्यांनी काय केलं असेल तर स्वतःचे हात पाहिले. जळले दगाचे, पण पाहत राहिले ते. "मी बघितलं पायजे होतं," एवढंच म्हणत. आणि चौऱ्याण्णवच्या डिसेंबरात, आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, चहाचा कप हातात असताना गेले. शवपेटीला पुढून उजवा खांदा भाईदासने दिला. चांगला उंच माणूस, त्यामुळे पेटी एका बाजूला कललेली राहिली. हर्षदाने तो कोन मनात मोजला होता.

आगमनकाळ म्हणजे वाट पाहणं, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. चार मेणबत्त्या, जांभळं कापड, कुणीतरी येणार आहे. फादरांनी एकदा वर्गात चर्चच्या वर्षाचं गोल चित्र काढून दिलं होतं, रंगांचे तुकडे करून. जांभळा आगमनाचा, पांढरा नाताळाचा, पुन्हा जांभळा उपवासकाळाचा, पांढरा पुनरुत्थानाचा, एक लाल रेघ पवित्र आत्म्याची, आणि उरलेला सगळा हिरवा, सामान्यकाळाचा. हर्षदाने कोनमापक लावून पाहिलं होतं, हिरवा दोनशे तीस अंशांच्या वर भरत होता. तिने विचारलं होतं, फादर, सगळ्यात मोठ्या तुकड्यात काहीच कसं घडत नाही? ते म्हणाले होते, "शेतात पेरणी नि कापणीच्या मधे काय घडतं? तेच." उपवासकाळ चाळीस दिवसांचा म्हणतात, तेही तिने मोजलं होतं; राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या आदल्या शनिवारपर्यंत शेहेचाळीस भरतात. रविवार धरत नाहीत, कारण रविवारी शोक करायचा नसतो. चर्चच्या फळ्यावर गुजरातीत त्याला तपऋतु लिहीत, आणि आई, उषाबाई, नगरहून लग्न होऊन आली तेव्हा तो शब्द वाचून म्हणाली होती, "तपऋतू म्हंजे उन्हाळाच की! तो काय चर्चनं सांगाया पायजे व्हय?" त्यावर काशिनाथ आठवडाभर हसत होते. गेल्या डिसेंबरात मात्र हर्षदाला कळलं की आगमनकाळाचं वाचन गोठ्याबद्दल नसतंच. ते न्यायाबद्दल असतं. तो येईल, आणि भुसा न विझणाऱ्या आगीत जाळील. बापाला पुरून चार दिवस झालेली मुलगी बाकावर बसून ते ऐकते तेव्हा तिला सांत्वन कशाने होतं? आगीने. तिने त्या वर्षी दाराला तारा टांगला नाही. ती वाट पाहत होती, आणि चर्चच तिला सांगत होतं की वाट पाहणं हे पुण्य आहे.

मग जानेवारीची आठ तारीख, प्रकटीकरणाचा रविवार. पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना जे दिसलं ते उघड झालं, त्याचा सण. त्या दिवशी दुपारी दगा घरी आला. दगा शिरपूरकडचा, चर्चचा नव्हे. त्याला सणाचं काही माहीत नव्हतं. दोन्ही हातांची बोटं चिकटून पळीसारखी झालेली, चहाचा कप त्याने दोन मनगटांत धरला. "मास्तरबाई," तो उषाबाईला म्हणाला, "मी खोटं बोलनू नही, पण खरं बी बोलनू नही. भाईदासभाऊनी राखना डबामा थैली रिकामी करी, मी मागथून दखं. चौकशीना येळे म्हने, चूप बस, तुले हलक्या कामवर लाई दिसू." आता मिलने त्यालाही काढलं होतं, म्हणून तो आला होता. उषाबाईंनी त्याला आणखी चहा दिला आणि कप खाली ठेवताना मदत केली. हर्षदाने मात्र विचारलं, "त्याला माहीत होतं का त्यात कॉस्टिक आहे ते?" "ते मी कसं सांगू ताई? मानूसना मनमा काय से, ते दिसत नही." सगळं तिथे येऊन अडलं. थैली भाईदासची, हात भाईदासचा, हे उघड झालं. पण चूक होती की माहीत असून केलेलं, हे नाही. पांढऱ्यात पांढरं, मला काय समजणार. हे वाक्य तिच्या डोक्यात इतकं फिरलं की त्याच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या. त्यानंतर सात हिरवे रविवार आले. दर रविवारी हिरवं कापड, हिरवा पडदा, फादरांचा हिरवा झगा, आणि चार बाकं पुढे भाईदासची मान. काही घडत नव्हतं. मानेवर डावीकडे एक तीळ होता. तो तिला पाठ झाला. शांतीचं अभिवादन करायच्या वेळी तो मागे वळून सगळ्यांना हात जोडायचा, तिलाही, आणि तीही जोडायची. पेरणी नि कापणीच्या मधे काय घडतं, हे तिला आता कळत होतं. मुळं खाली जातात.

लॅबमध्ये तिने आधी पाच झावळ्यांची राख केली, मफल भट्टीत, साडेपाचशे डिग्रीला, नियमाने. सीनियर धम्मरत्न डोकावून गेला. "हे कुठल्या पार्टीचं सँपल?"

"चर्चचं."

"शेड कुठली पाहिजे?"

"काळी."

"मग काढ बाहेर. एवढं भाजलंस तर काळा जाईल नि पांढरा येईल. बी.एस्सी. झाली पण चुलीपाशी बसली नाही कधी," तो म्हणाला आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन गेला. खरंच मुशीत पांढरी, वाऱ्याने उडेल अशी पूड उरली होती. फादरांना दाखवल्यावर ते इतके हसले की चष्मा पुसावा लागला. "अगं, ही तर विभूती! आपल्याला काळी हवी. पूर्ण जळलेल्याला उपवासकाळ कशाला? हा काळ आपल्यासारख्या अर्धवट जळलेल्यांसाठी असतो." मग उरलेल्या सत्तावन्न तिने चर्चच्या मागे लोखंडी घमेल्यात जाळल्या आणि काळ्या असतानाच वर झाकण दाबलं. निळी गाठ सगळ्यात शेवटी जळली. सुताचा वास वेगळा असतो, कागदासारखा. तो तिने ओळखला आणि नाक बाजूला केलं नाही. फादर सोबत उभे होते. ते म्हणाले, "राख कपाळाला लावतो म्हणजे शिक्षा देत नाही आपण. एकमेकांना सांगतो की तूही मरणार, मीही मरणार. मग वैर किती दिवस पुरवायचं, ते ज्याने त्याने ठरवावं." ते वाक्य सुंदर होतं. हर्षदाने ते ऐकलं, बाजूला ठेवलं, आणि पुढच्या आकड्याकडे गेली.

आकडा असा होता. पुरुष साधारण साठ. प्रत्येक कपाळाला राखेचा एक पुसट पट्टा, घरी जाऊन लोक तोंड धुणार. कातडी लाल होईल, एखाद्याला फोड येईल. पण अंगठा तोच, साठ वेळा. फादरांनी भाईदासला सांगितलं होतं, अंगठा पवित्र पाण्यात ओला करून घे, राख चांगली धरते. ओला अंगठा. ओले हात. आणि साठ घरांतले साठ पुरुष आरशात कपाळ पाहतील तेव्हा म्हणतील, कुणाच्या हातून लावून घेतली होती? पांढऱ्यात पांढरं, काळ्यात पांढरं; पाहून लावायचं काम लावणाऱ्याचं. बापावर जे आलं ते तिने उलट करून तंतोतंत बसवलं होतं, समीकरणाच्या दोन बाजू जुळाव्यात तसं. साठ कपाळांबद्दल तिला काय वाटलं? तिने वहीत त्यांच्यापुढे "किरकोळ" असं लिहिलं, आणि तो शब्द साहेबांच्या चौकशीच्या कागदातला आहे हे तिला लिहून झाल्यावर आठवलं. तिने तो खोडला नाही. मंगळवारी संध्याकाळी ती घरी खलात राख घोटत होती, दोन वाट्या. एक फादरांची, एक भाईदासची. भाईदासच्या वाटीत लॅबमधून फिल्मच्या डबीत आणलेलं कॉस्टिक गेलं आणि दिसेनासं झालं. उषाबाई भाकऱ्या थापत होत्या.

"किती घोटतीस गं? काजळ करायचंय का?"

"बारीक पाहिजे."

"तुज्या बापालाबी असंच. धा येळा बारीक बगाया लागायचं." त्या थांबल्या. "एकदाच नाई केलं."

हर्षदाने वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने उषाबाई परातीकडे पाहतच म्हणाल्या, "उंद्या मला लवकर जायचंय. पुढं बसायचंय."

बुधवारी, एक मार्चला, संध्याकाळी सहाच्या मिसेच्या प्रार्थनेला चर्च भरलेलं होतं. वेदीवरचं हिरवं गेलं होतं, जांभळं आलं होतं. जुनंच कापड, घडीवर फिकट झालेलं. रंगाचा पक्केपणा कमी, तिच्या मनात आपोआप येऊन गेलं. फादरांनी आधी आपल्या वाटीतून, "तू माती आहेस, मातीत परत जाशील" म्हणत, भाईदासच्या कपाळाला राख लावली, मग भाईदासने दुसरी वाटी उचलली आणि पाण्यात अंगठा बुडवला. दोन रांगा उठल्या. हर्षदा बाजाची पेटी वाजवणाऱ्या बाईंच्या शेजारी, गाणाऱ्यांत उभी होती. तेव्हा उषाबाई पहिल्या बाकावरून उठल्या आणि बायकांच्या रांगेत न जाता मधली वाट ओलांडून पुरुषांच्या रांगेच्या सगळ्यात पुढे जाऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी म्हणालं, "उषाबाई, बायकांची तिकडं." उषाबाई म्हणाल्या, "मला ठाव हाय." मग त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सरकवला, कपाळ उघडं केलं आणि भाईदासकडे पाहिलं. "लाव, भाईदास. माज्या कपाळाला हात लाव आन् म्हन, तू माती हायेस. समद्यांम्होरं म्हन."

आईचंही काहीतरी इतके दिवस साठत होतं, हे हर्षदाला त्या क्षणी दिसलं, आणि त्याच क्षणी वाटीत काय आहे तेही दिसलं. ओरडावं म्हणून तिने तोंड उघडलं. गाणं चालू होतं, तोंड उघडंच होतं, त्यातून गाण्याचा शब्द गेला. ती बाकातून बाहेर पडू लागली. गुडघे, पिशव्या, एका म्हातारीची काठी. भाईदासचा ओला अंगठा वाटीत गेला होता आणि वर येत नव्हता. तो उषाबाईच्या कपाळाकडे पाहत होता आणि त्याचा हात उठत नव्हता. एक, दोन, तीन, ती मोजत होती. मोजणं थांबवता येत नव्हतं. पाचव्या सेकंदाला त्याची नजर खाली गेली. त्याने अंगठा वर घेतला आणि पहिल्या बोटावर घासला, एकदाच, हलका, बाजारात कापडाचा पोत पाहावा तसा. मग त्याने मान वळवली. त्याला शोधावं लागलं नाही. त्याने सरळ हर्षदाकडे पाहिलं.

"वहिनी, ही राख नको," तो म्हणाला. "तुम्ही फादरकडे जा."

"का? हात कापतो का?"

"हो," भाईदास म्हणाला. "कापतो."

त्याने वाटीवर डावा पंजा झाकला, फादरांच्या कानाशी काहीतरी बोलला आणि बाजूच्या दाराने बाहेर गेला. दोन रांगांची एक रांग झाली. उषाबाई जिंकल्यासारख्या, हरल्यासारख्या, पदर तसाच मागे, त्या रांगेत सरकल्या. त्यांचं कपाळ वाचलं होतं आणि त्यांना ते माहीत नव्हतं. हर्षदाला आधी सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आधी आलं ते अनुमान. ओला अंगठा, पाच सेकंद, काळ्यात मिसळलेलं, दिसत नसलेलं. आणि या माणसाने ते ओळखलं.

बाहेर हौदाजवळ त्याने वाटी मातीत उपडी केली होती आणि डाव्या हाताने नळाची चावी फिरवायला पाहत होता. ती घट्ट होती. हर्षदाने पुढे होऊन ती सोडली, त्याचं मनगट धरलं आणि अंगठा धारेखाली घातला. घड्याळात सहा बेचाळीस झाले होते. पेराच्या आतल्या बाजूला कातडी पांढरी, साबणाच्या वडीसारखी दिसत होती.

"पंधरा मिनिटं ना?" त्याने विचारलं.

"कमीत कमी पंधरा."

आत लोक एकेक करून माती होत होते; फादरांचा आवाज येत होता, तेच वाक्य, पुन्हा पुन्हा. भाईदास म्हणाला, "मी कोणाले काही सांगाव नही. राख खराब व्हती, एवढंच सांगेल."

"सांगा की."

"नही."

"कसं ओळखलंत?"

"त्यात काय ओळखायचं, पोरी?" दुखत होतं म्हणून असेल, त्याला बोलत राहायचं होतं. "एकवीस वरीस गोडाऊनमा काढ्यात. राख खरखरीत लागते, कॉस्टिक सरकतं. माले डोया झाकीसन बी समजस."

पाणी पडत राहिलं. आपण काय बोललो ते त्याच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागला. हर्षदाने मनगट सोडलं नाही. तिची बोटं त्याच्या नाडीवर होती आणि नाडीने आधी सांगितलं.

"मग त्या दिवशी?" ती म्हणाली.

तो हौदातल्या शेवाळाकडे पाहत होता. कपाळावर फादरांनी लावलेली काळी रेघ घामाने भुवईपर्यंत उतरली होती. "थैली फाटेल व्हती," तो म्हणाला. "साहेब येणार व्हता राउंडला. सांडेल माल दिसला असता तर माझी नोकरी. राखेचा डबा जवळ व्हता. म्हटलं नंतर काढी लिसू. मंग जेवणाची घंटी झाली." तो थांबला. "चौकशीत तुना बाप माझ्याकडे पाही राहिना व्हता. त्याला वाटत व्हतं, आता बोलेल. मी बी म्हटलं, आता बोलतो. नि दुसरंच बोलनू."

"पांढऱ्यात पांढरं."

"हा."

आतलं गाणं संपलं. बाकं सरकल्याचा, लोक गुडघ्यांवर टेकल्याचा आवाज आला. नळाची धार मधेच बारीक होऊन पुन्हा मोठी झाली. भाईदास डोळे मिटून उभा होता. पाण्याखाली दुखणं कमी होतं, बाहेर काढलं की चढतं, हे त्याला माहीत असणार.

"झाली का पंधरा?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"झाली," हर्षदा म्हणाली आणि तिने नळ बंद केला. घड्याळात सहा त्रेपन्न झाले होते. अकरा मिनिटं.